धरणात बीज सोडलं म्हणजे नदी सांभाळली का? (गोदावरी, दारणा आणि आपले मासे)

गोदातीरी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचनमात्र आहे, लिहायचा कंटाळा. पण परवा आमच्या मच्छीमार संस्थेची मीटिंग झाली आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते कुठंतरी ओतल्याशिवाय चैन पडणार नाही.

आधी ओळख. आम्ही भोई, आजोबांचं सगळं आयुष्य नदीवर गेलं. वडील कंपनीत लागले, मीही अंबडला कंपनीतच, पण आप्पा (चुलते) अजून निफाडकडं पाण्यावर जातात, ट्यूब आणि थर्माकोलचा तराफा घेऊन. संस्थेचे हिशोब लिहायला कुणी नव्हतं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलेत. संस्थेकडं एक छोटं धरण ठेक्यावर आहे (नाव लिहीत नाही, गावात राहायचंय).

तर मीटिंगमध्ये एकच रड, मासा मिळत नाही, बीज (सोडायची माशांची पिल्लं) वाढवून मागा. मागच्या वर्षीपण हेच, त्याच्या मागच्या वर्षीपण हेच. मी वही उघडून सांगितलं की तीन वर्षांत आपण दरवर्षी जास्त बीज टाकलंय आणि दरवर्षी कमी मासा काढलाय. सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, बीजच खराब असणार. अर्धं खरं आहे ते. बोटुकलीचे पैसे घेऊन पुरवठादारानं पिशव्यांत फ्राय भरून दिलं होतं, जेमतेम इंचभर. मोजणी वाटीनं होते, एका वाटीत किती मावले ते मोजायचं आणि पुढं नुसत्या वाट्या मोजत जायचं, पहिली वाटी कुणी कशी भरली ते देव जाणे. आणि इंचभर पिल्लू धरणात सोडणं म्हणजे मरळ, शिंगाडा या माशांना आणि पाणकावळ्यांना जेवायला बसवणं. बोटाएवढं, म्हणजे चार इंचांच्या आसपास झालेलं पिल्लू सोडलं तरच त्यातलं काही हाताला लागतं. हे पुस्तकात लिहिलंय आणि आप्पांनाही माहितीये, फक्त संस्थेच्या ठरावात येत नाही.

पण माझा मुद्दा बीजाच्याही मागचा आहे. आपण धरणात सोडतो काय? कटला, रोहू, मृगळ. हे साचलेल्या पाण्यात पिल्लं देत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं गढूळ पाणी लागतं. १९५७ साली हिरालाल चौधरींनी ओडिशात पिट्युटरीचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन करून दाखवलं, १० जुलैला, म्हणून तो दिवस आपल्याकडं मत्स्य शेतकरी दिवस असतो. त्यानंतर हॅचरीचं बीज मिळायला लागलं आणि हळूहळू सगळ्यांची समजूत झाली की मासा पिशवीतून येतो. प्लास्टिकची पिशवी, आत थोडं पाणी, वर ऑक्सिजन, रबरबँड, झालं. आजोबांच्या काळात कुणी बीज सोडत नव्हतं हो नदीत. मरळ, वाम, शिंगाडा, झिंगे, बारीक खवली मासे, सगळं नदीचं नदी करायची.

ती का करेनाशी झाली? ठेका पाच वर्षांचा, त्यामुळं चौथ्या-पाचव्या वर्षी जो तो ओरबाडून घेतो. एप्रिल-मेत कॅनॉलचं आवर्तन सुटलं की धरण मृतसाठ्यावर येतं, उरलासुरला मासा एका डबक्यात गोळा होतो आणि तिथं तंगूस (बारीक नायलॉनचं जाळं) लावून तळ खरवडून काढतात, पुढच्या पावसात अंडी घालायची ती मादीच राहत नाही. जाळ्याची आस (भोकं) इतकी बारीक की पावशेराचा रोहूही सुटत नाही, जो दोन वर्षांचा झाल्याशिवाय अंडी घालत नाही. व्यापाऱ्याची उचल घेतलेली असते, तो म्हणतो आज मासा पाहिजे म्हणजे आज, मग आस कोण बघतो. आणि वरून चिलापी (तिलापिया मासा). ती काही महिन्यांतच वयात येते, वर्षातून कितीदा पिल्लं देते, आई अंडी तोंडात धरून फिरते, जागा दुसऱ्याला ठेवतच नाही.

तर प्रश्न असा की बीजाच्या पैशातले थोडे पैसे डोह राखायला वापरा, दोन पावसाळी महिने संगमावर जाळं टाकू नका, असं मी म्हटलं तर संस्थेत मला कुणी उभं करेल का? कुणाला अनुभव असेल तर लिहा. शिव्या पण चालतील.

मिसळ_तर्री

वाचतोय. आम्हाला मासा म्हणजे मार्केटात थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर झोपलेला तेवढाच माहिती. तो आंध्रातून येतो हेही मागच्याच वर्षी कळलं, गोदाकाठी राहून गोदावरीच्याच दुसऱ्या टोकाचा मासा खातोय म्हणजे कमाल आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शेततळ्यातला

गोदातीरी भाऊ, मी दिंडोरीकडचा द्राक्षवाला. तुमचा नदीचा विषय, माझा शेततळ्याचा, पण पाणी एकच म्हणून लिहितो.

२०१६ ला मागेल त्याला शेततळं आलं तेव्हा आमच्याकडं सगळ्यांनीच खोदली. माझं २० गुंठ्याचं, खाली प्लास्टिक. कुणीतरी डोक्यात भरवलं की यात मासे सोडा, डबल इन्कम. पहिल्या वर्षी पाच हजार बोटुकली सोडली (हावरटपणा, दुसरं काय) आणि एकही मासा अर्धा किलोच्या वर गेला नाही. नंतर समजलं की हेक्टरी साधारण ५ ते १० हजार हे गणित, म्हणजे माझ्या तळ्याला हजार ते दोन हजार बास. आणि तीन थरांत विभागून टाकायचं, वरच्या थरात खाणारा कटला, मधला रोहू, तळाचा मृगळ, साधारण ३:४:३. प्लास्टिकच्या तळ्यात माती नसते म्हणून शेवाळ-प्लवंग आपोआप तयार होत नाही, शेणखत आणि थोडा चुना देऊन पाणी हिरवट करावं लागतं. खाद्य म्हणून भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मी निम्मी, गोणपाटात भरून तळ्यात टांगायची.

दुसऱ्या वर्षी मस्त चाललं होतं. मग छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या, ब्लोअर तळ्याच्या कडेनंच फिरवला, वाऱ्याची दिशा बघितली नाही आणि पंप धुतलेलं पाणी पोरानं तळ्याच्या बांधावरच ओतलं. सकाळी गेलो तर पांढरी पोटं वर. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशाला किती विषारी ते तेव्हा कळलं, डब्यावर लिहिलेलं असतं ते कोण वाचतं. मोरचूदाचं पण तेच. दोष कुणाला देऊ, ब्लोअर माझाच, पोरगा माझाच.

आता सांगायचा मुद्दा. माझ्या २० गुंठ्यांत जे झालं ते ओहोळाला रोज होत असणार. आमच्या पूर्ण शिवाराचं फवारणीचं पाणी पहिल्या पावसात कादवेला जातं आणि कादवा नांदूर मधमेश्वरला गोदावरीला मिळते. तुम्ही आस मोठी केली, डोह राखला तरी वरून आम्ही हे सोडतोय. वाईट वाटतं पण खरंय.

गोदातीरी

@शेततळ्यातला, इतकं प्रामाणिक इथं कुणी लिहीत नाही, आभार. पहिल्या पावसाचं अगदी खरं बोललात. आप्पा म्हणतात पहिला लोंढा आला की मासा पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळतो, वर्षभर नाल्यांत साचलेली घाण एकदम येते आणि पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकते. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असला की बरं चालतं, ३ च्या खाली गेला की तडफड सुरू. नाशिक शहराच्या खाली पानवेली (जलपर्णी) बघितल्यात ना, त्या हिरव्या गालिच्याखाली उजेडच जात नाही, त्यामुळं ऑक्सिजन तयारही होत नाही. लोक फोटो काढतात, किती सुंदर जांभळी फुलं म्हणून.

एक विचारू? तुम्ही तळ्याचं पाणी मेमध्ये बागेला देता तेव्हा मासे काय करता?

शेततळ्यातला

त्याआधीच काढतो. मार्चअखेर जाळं मारून सगळे विकतो, दारातच गिऱ्हाईक येतं. जिवंत मासा बघितला की लोक भाव करत नाहीत.

पाणकावळा

उशिरा आलो. धागा वाचून राहवलं नाही, कारण सगळे कटला-रोहूवरच बोलताय आणि या जिल्ह्यातल्या गावाच्या नावाचा जो मासा आहे त्याचं नाव अजून कुणी घेतलं नाही.

पक्षी बघायला गेली वीस वर्षं नांदूर मधमेश्वरला जातो. १९८६ ला अभयारण्य झालं, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, पेपरात फ्लेमिंगोचे फोटो आले. पण रामसरच्या नोंदीत तिथल्या दुर्मिळ जीवांची जी यादी आहे त्यात गिधाडांच्या जोडीला एक मासा आहे, इंग्रजीतलं नाव देवळाली मिनो. शास्त्रीय नाव पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रॅटेरी. १९३८ मध्ये सुंदरलाल होरा आणि मिश्रा यांनी तो देवळालीच्या माशांवरच्या लेखात जगाला पहिल्यांदा सांगितला, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये, आणि सोसायटीच्या प्रॅटर साहेबांचं नाव त्याला दिलं. आपली देवळाली, हो, कॅम्पवाली. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे, म्हणजे वाघापेक्षाही वाईट वर्गात.

बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. ओठामागं चकतीसारखा भाग, त्यानं दगडाला चिकटून वाहत्या पाण्यात राहतो. धरणात तो जगत नाही, त्याला दगड आणि खळाळ लागतो. आता बघा, देवळालीजवळच्या दारणा नदीवरचं धरण १९१६ चं, म्हणजे तो मासा कागदावर यायच्या आधीच नदी अडली होती, मग खाली-वर बंधारे, वाळूउपसा, गोटे उचलून बांधकामाला. त्याला कुणी जाळ्यानं मारलं नाही, त्याच्या पायाखालचा दगडच काढून घेतला (पाय नाहीत, पण समजून घ्या).

म्हणून गोदातीरी, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की नुसता डोह राखू नका, डोहाच्या वरचा खळाळही राखा.

रोखठोक

छान चाललंय. आता थोडं उलटं बोलतो.

हे सगळं ऐकायला गोड आहे पण ज्या माणसाचं पोट जाळ्यावर आहे त्याला देवळालीच्या पेरभर माशाचं काय सांगता? त्याला किलोवर मासा पाहिजे. सरकारनं २०२० ला मत्स्यसंपदा योजना आणली, २० हजार कोटींच्या वर, जनरलला ४० टक्के आणि महिला, एससी-एसटीला ६० टक्के सबसिडी. राज्यानं २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. धरणात मासे वाढवायचे जाळीचे पिंजरे टाका, पंगास मासा घ्या, 'गिफ्ट' नावाची सुधारित चिलापी घ्या, पैसा कमवा. मासेमारी बंद ठेवा म्हणणारे स्वतः पगारावर असतात असा माझा अनुभव आहे, धागाकर्ते पण कंपनीतच आहेत म्हणे.

आणि नदी नदी काय करताय, नाशिकच्या खाली नदी उरलीये कुठं? धरण, बंधारा, धरण, बंधारा.

गोदातीरी

@रोखठोक, पगाराचं बोललात ते लागलं, पण खोटं नाही, मी काय नाकारत नाही. म्हणूनच मी आप्पांना विचारूनच लिहितोय.

पिंजऱ्याला माझा विरोध नाही बरं का. पण पंगासला रोज विकतचं खाद्य, त्यातलं जे खाल्लं जात नाही ते आणि विष्ठा, दोन्ही तळाशी, आणि त्याच धरणातून खाली गावाला नळयोजना. मोठ्या खोल पाण्यात, मोजके पिंजरे, ठीक. आवर्तन सुटल्यावर कंबरभर पाणी राहणाऱ्या आमच्या धरणात पिंजरा म्हणजे उकिरडा. त्यापेक्षा पिंजऱ्याचा एक वापर मला पटतो, विकतचं इंचभर बीज पिंजऱ्यात दोन-तीन महिने वाढवायचं, चार इंचांचं झालं की धरणात सोडायचं. म्हणजे निम्मं बीज घेऊन दुप्पट मासा. हे मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी कागद-पेन मागितला.

आणि हो, सांडव्याचा हिशोब तर कुणीच धरत नाही. पावसाळ्यात दरवाजे उघडले की निम्मं बीज खाली. आपण नाशिकवाले जायकवाडीच्या पाण्यावरून एवढे भांडतो, पाणीवाटपाचा २००५ चा कायदा, मेंढेगिरी समितीचं ६५ टक्के (जायकवाडीत तेवढा साठा नसला तर वरून पाणी सोडायचं), ऑक्टोबर आला की मोर्चे, पण आमच्या संस्थेच्या पैशाचा किती मासा नाथसागरात पैठणकरांनी खाल्ला त्याचा दावा अजून कुणी लावलेला नाही :)

राजमहेंद्री_रिटर्न

हसलो. नाथसागराच्या पुढं पण बघा की. मी नोकरीनिमित्त सात वर्षं आंध्रात होतो, गोदावरीच्या शेपटाला. तिकडं पावसाळ्यात समुद्रातून पाला मासा अंडी घालायला नदीत चढतो, नदीत चढलेल्या त्या माशाला ते पुलसा म्हणतात आणि त्याच्यासाठी लोक काय वाट्टेल तो भाव देतात. बायकोचं मंगळसूत्र विकून पुलसा खावा असं तिकडं गमतीनं म्हणतात. पण त्याची वरची वाट धवळेश्वरमला संपते. आर्थर कॉटननं १८५२ मध्ये तिथं बंधारा पुरा केला, डेल्टा सुजलाम झाला, कॉटनचे पुतळे आहेत गावोगाव, मासा मात्र भिंतीशी येऊन थांबतो.

@रोखठोक यांच्यासाठी: कोल्लेरू सरोवर ऐकलंय का? गोदावरी आणि कृष्णेच्या मुखांच्या मधलं गोड्या पाण्याचं. तिथं मत्स्यतळ्यांनी सरोवर इतकं गिळलं की पुराचं पाणी जायला जागा राहिली नाही, शेवटी २००६ मध्ये सरकारला बुलडोझर लावून तळी फोडायला लागली. ज्यांची तळी फुटली त्यात बडे लोक होते तसे साधे मच्छीमारही होते. रडले ते साधेच.

रोखठोक

कोल्लेरू माहिती नव्हतं. वाचतो. पण मुद्दा सोडलेला नाही.

सुगरण_सातपूर

माझा साधा प्रश्न. बाजारात मांगूर मिळतो, स्वस्त असतो, जिवंत असतो. घ्यावा की नाही? कुणी म्हणतं बंदी आहे, कुणी म्हणतं देशी आहे.

पाणकावळा

ताई, बंदी आहे ती आफ्रिकन मांगुरावर, आपल्याकडं थाई मांगूर म्हणतात त्यावर, २००० सालापासून. तो काहीही खातो, नदीत निसटला की बाकी सगळं फस्त करतो, आणि पाळणारे त्याला कोंबडीच्या दुकानातली घाण घालतात. देशी मांगूर वेगळा, चांगला, पण हळू वाढतो, पाव-अर्धा किलोचा झाला तरी खूप. टबात किलो-दीड किलोचे वळवळत असतील तर पुढं चला. विक्रेता देशीच म्हणणार.

इगतपुरीकर

चढणीच्या माशांवर कुणी बोललं नाही म्हणून मीच कबुली देतो.

आमच्याकडं पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्यातून मासा वर भाताच्या खाचरात चढतो, पोटात अंडी घेऊन. रात्री बॅटऱ्या, काठ्या, कोयते, मच्छरदाणीचं कापड, अख्खा गाव पाण्यात. लहानपणी त्याच्यासारखी मजा नव्हती भो. अंडी भरलेला मासा तव्यावर टाकला की गाभोळीचा वास. पण तेव्हा घरचं जेवण व्हायचं आणि थांबायचं. आता मुंबई-नाशिक हायवेवरून गाड्या येतात, रिसॉर्टवाले पोत्यानं घेतात आणि काही ठिकाणी करंट लावतात, एकदोनदा जिलेटिनचा बारपण ऐकलाय. बार आणि विष टाकायला १८९७ च्या इंग्रजांच्या कायद्यापासून बंदी आहे, सव्वाशे वर्षं झाली. तक्रार करायची कुणाकडं, ज्याच्याकडं करायची तोच पोतं उचलताना दिसला तर?

आमच्याच घाटाखाली वाड्याजवळ तिळशाला वैतरणेत देवाचे मासे आहेत, मंदिराशी कुणी हात लावत नाही. महाडकडं वाळणकोंडीला तर हे मोठे महाशीर आहेत, कुरमुरे टाकले की पाणी उकळल्यासारखं होतं. वैतरणा निघते आपल्याच त्र्यंबकच्या डोंगरातून. खाली देव आहे म्हणून मासा वाचतो, वर देव नाही का? ब्रह्मगिरीला तर सगळे जातात.

मिसळ_तर्री

इगतपुरीकर, शेवटच्या दोन ओळींना कडक +१. २०२७ च्या सिंहस्थात करोडो लोक गोदावरीत बुडी मारतील, खाली कोण राहतं हे एकालाही माहिती नसेल.

शेततळ्यातला

गोदातीरी, पुढं काय झालं मीटिंगचं? धागा अर्धवट सोडू नका.

गोदातीरी

अपडेट. उशीर झाला, डबल शिफ्ट चालू होती.

दोन ठराव मांडले, एक पास, एक नापास. पास झाला तो बीजाचा. यंदा फ्राय घ्यायचं पण दोन पिंजऱ्यांत वाढवून मगच सोडायचं, मोजणी आपल्या दोन सभासदांसमोर, आणि पिशवी आली की लगेच फोडायची नाही, पंधरा-वीस मिनिटं धरणाच्या पाण्यात तरंगत ठेवायची म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं होतं (मागं हे न केल्यानं निम्मं बीज जागेवर मेलं होतं).

नापास झाला तो पावसाळी बंदचा. मुळावर घाव आपण आपल्याच हातानं का घालायचा म्हणाले. एकजण म्हणाला समुद्रात जून-जुलै बंद असतं पण त्यांच्याकडं बोटी आहेत, आमच्याकडं ट्यूब आहे, दोन महिने चूल कशावर पेटवू ते सांग. माझ्याकडं उत्तर नव्हतं. @रोखठोक, तुमची आठवण आली.

पण आप्पा उठले. मीटिंगमध्ये ते कधी बोलत नाहीत. म्हणाले, सगळा तलाव बंद नका करू, पिंपळाखालचा तेवढा डोह सोडा, वरच्या गोट्यांसकट. तिथं माझ्या बापानं कधी जाळं टाकलं नव्हतं, मीच पहिल्यांदा टाकलं, पंचाऐंशी साली, कर्ज होतं म्हणून. यापुढं मी टाकणार नाही, तुमचं तुम्ही बघा. ठराव वगैरे काही झाला नाही, कुणी हात वर केला नाही. पण त्यानंतर आज तीन आठवडे झाले, तिथं कुणाचा तराफा दिसला नाही.

@पाणकावळा, घरी येऊन आप्पांना त्या देवळाली मिनोचं चित्र मोबाईलवर दाखवलं. बराच वेळ बघत होते, स्क्रीन मोठी करून. मग म्हणाले, दगडाला चिकटतो का हा? म्हटलं हो. म्हणाले, असलंच काहीतरी वरच्या अंगाला असायचं, आम्ही पोरं गोटे उलटून काढायचो आणि गळाला आमिष म्हणून लावायचो.

तोच होता की दुसरा कुठला, सांगता येणार नाही. तुम्ही एकदा येता का आमच्याकडं? पाणी उतरलं की दिवाळीनंतर, पक्षी बघायला नाही, गोटे उलटून बघायला. उलटलेला गोटा परत होता तसा ठेवायचा एवढी अट. आप्पांना नेऊ.

पाणकावळा

येतो. दुर्बीण घरी ठेवतो.